अंगावरून पांढरं जातंय? आधी स्वतःचा महिना ओळखा

मी बरीच वर्षं उपकेंद्रात नर्स होते. ही तक्रार कुणी आल्या आल्या सांगितली, असं फार क्वचित घडलं. बाई यायची, बीपी बघायला सांगायची, लोहाच्या गोळ्या मागायची, पोराच्या खोकल्याचं विचारायची. निघताना चप्पल पायात सरकवता सरकवता हळूच म्हणायची, "सिस्टर, अजून एक होतं. अंगावरून जातंय."

"पांढरं की तांबडं?"

हा प्रश्न पहिला, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द. रक्त गेलं तरी 'अंगावरून जातंय' आणि पांढरं गेलं तरी तेच. जुन्या बायका पांढऱ्याला धुपणी म्हणतात, आयुर्वेदात श्वेतप्रदर. शहरातल्या मुली 'व्हाइट डिस्चार्ज' म्हणून मोकळ्या होतात. कुठलाही शब्द वापरा, पण डॉक्टरांसमोर रंग स्पष्ट सांगा. तिथे गल्लत झाली की पुढची तपासणीच वेगळ्या वाटेने जाते.

पांढरं जाणाऱ्या सगळ्याच बायका आजारी नसतात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला थोडं जातंच. आणि ज्यांना खरोखर आजार असतो, त्यातल्या कित्येकींना काहीच जाणवत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. म्हणून 'एवढं तर चालायचंच' हेही चुकीचं आणि दोन थेंब दिसले की घाबरणंही चुकीचं. आपलं नेहमीचं काय हे माहीत असेल, तर बदललेलं चटकन ओळखू येतं.

पायरी 1: नेहमीचं म्हणजे काय

हा स्राव गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींमधून आणि योनीमार्गाच्या भिंतींमधून येतो. त्यात झडलेल्या पेशी असतात आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात. दही लावणाऱ्या जंतूंचेच हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्या जंतूंना आत बस्तान बसवता येत नाही. आतली आम्लता साधारण 3.8 ते 4.5 पीएच एवढी असते. दिवसाला 1 ते 4 मिलिलिटर स्राव म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी. काहींना याहून जास्त जातं, तेही नेहमीचंच असू शकतं.

काळ्या किंवा गडद निळ्या निकरच्या मधोमध तांबूस-पिवळट पट्टा पडतो, रंग उडाल्यासारखा, तो याच आंबटपणामुळे. कॉलेजातल्या मुली हा डाग दाखवून "इन्फेक्शन आहे का?" विचारायच्या. नाही. ताजा स्राव पारदर्शक किंवा दुधाळ असला तरी कापडावर वाळला की फिकट पिवळा दिसतो, तेही नेहमीचंच. नेहमीच्या स्रावाला खाज नसते, जळजळ नसते, कुबट वास नसतो. वास अजिबात नसतो असं मात्र नाही. किंचित आंबूस वास प्रत्येकीचा असतो, आणि तो घालवायला निघालं की भानगडी सुरू होतात.

पायरी 2: दोन महिने कॅलेंडरवर खूण करा

घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, सिलेंडर लावल्याची तारीख असते, आणि बहुतेक बायका पाळीची तारीखही एखाद्या टिंबाने तिथेच नोंदवतात. त्याच चौकोनात आणखी एक अक्षर लिहायचं. कोरडं असेल तर 'को', चिकट असेल तर 'चि', सायीसारखं असेल तर 'सा', तार धरत असेल तर 'ता'. घरातल्या कुणाला काही कळत नाही, आणि कळलं तरी काय बिघडलं?

सहसा असं दिसेल. पाळी संपली की दोन-तीन दिवस कोरडे. मग थोडं चिकट, मग सायीसारखं मऊ पांढरं. त्यानंतर एक वेळ अशी येते की स्राव एकदम वाढतो, पारदर्शक होतो, निसरडा होतो. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली तर इंच-दोन इंच तार येते. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखी, आणि अंडं हाताळत नसाल तर पाकाच्या तारेसारखी म्हणा. ही तार म्हणजे स्त्रीबीज सुटायची वेळ जवळ आली. बीज सुटलं की दोन दिवसांत सगळं पुन्हा घट्ट आणि कमी होतं, पुढच्या पाळीपर्यंत.

बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. मागच्या पाळीपासून 14 दिवस मोजले तर ज्यांचं चक्र लांब आहे त्यांची फसगत होते. 35 दिवसांनी पाळी येणारीला ही तार एकविसाव्या दिवसाच्या आसपास दिसेल. मूल हवं असणाऱ्या जोडप्यांना ही खूण फार उपयोगाची आहे, कारण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत टिकतं, पण स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. मूल नको असणाऱ्यांनी मात्र एकट्या या खुणेवर विसंबू नये.

दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या की आपली चाल कळते. "गेल्या महिन्यापासून खूप जातंय" म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचं 'खूप' हे त्या तारेच्या चार दिवसांचंच निघतं.

वयानुसारही चाल बदलते. पहिली पाळी यायच्या आधी सहा महिने ते वर्षभर मुलीला पांढरं जायला लागतं. आईने तिला आधीच सांगितलं असेल तर ती घाबरत नाही. गरोदरपणात स्राव वाढतो. तांबी बसवल्यावर वाढू शकतो. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं जातं. पाळी गेल्यावर उलट कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी दुखतं, थोडी आग होते. त्यासाठी डॉक्टर आत लावायचं हार्मोनचं क्रीम देतात, आणि ते मागताना साठीतल्या बाईने लाजायचं काही कारण नाही.

पायरी 3: बदल झालाय असं वाटलं तर

सकाळी उजेडात बघा. न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं. पांढरी सुती निकर घाला किंवा पांढऱ्या कापडाची घडी ठेवा, आणि तीन-चार तासांनी पाहा. रंग कोणता, पातळ की घट्ट, फेस आहे का, वास कसला. मग स्वतःला विचारा. खाज आहे का? लघवीला जळजळ होते का? ओटीपोटात दुखतं का? संबंधानंतर रक्त येतं का? गेल्या महिन्याभरात अँटिबायोटिकचा कोर्स झालाय का, गर्भनिरोधक बदललंय का, नवा साबण किंवा नवं सॅनिटरी पॅड वापरलंय का? नवऱ्याला किंवा जोडीदाराला तिकडे काही त्रास आहे का? हे सगळं कागदावर लिहून न्या. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन लाजण्यात जातात.

आता कुठला बदल काय सांगतो ते. नुसतं बघून नक्की निदान होत नाही, डॉक्टरांनाही नेहमी होत नाही. पण अंदाज बांधता येतो.

पाण्याने धुतलेल्या दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं, वास जवळजवळ नाही, पण खाज अशी की रात्री झोप उडावी. बाहेरची कातडी लाल, खाजवून चिरा पडलेल्या. हे बहुधा कँडिडा या बुरशीचं काम. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं, आणि हा संबंधातून पसरणाऱ्या आजारांत धरत नाहीत. अँटिबायोटिक घेतल्यावर चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. गरोदरपणात होतं. आणि साखर वाढलेली असली की पुन्हा पुन्हा होतं. वर्षात तीनदा झालं तर मलम बदलत बसू नका, रक्तातली साखर तपासा. माझ्याकडे खाजेसाठी येणाऱ्या चाळिशीतल्या दोघी-तिघींचा मधुमेह असाच सापडला. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर जाते, त्यामुळेही ही बुरशी वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ती देणाऱ्या डॉक्टरांना हा त्रास सांगा.

पातळ, राखाडी-पांढरं, आणि मासळीसारखा वास. संबंधानंतर आणि पाळीच्या दिवसांत वास जास्त. खाज बहुधा नाहीच. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बाहेरून शत्रू आला असं इथे घडलेलं नसतं. आतल्या दही-जंतूंची संख्या घटते, इतर जंतू माजतात आणि आंबटपणा जातो. अशा बाईवर अस्वच्छतेचा शिक्का मारला जातो, पण खरं तर सतत आतून धुणाऱ्या बायकांनाच हे जास्त होतं. गोळ्यांनी बरं होतं, पण परत येण्याची खोड आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात जोडीदार पुरुषालाही औषध दिलं तेव्हा उलटण्याचं प्रमाण बरंच घटलं. तेव्हा वारंवार होत असेल तर डॉक्टरांना नवऱ्याच्या उपचारांबद्दल नक्की विचारा.

पिवळट-हिरवं, फेसाळ, घाण वासाचं, सोबत आग आणि लघवीला जळजळ. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. हा संबंधातून येतो. पुरुषाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, म्हणून दोघांनीही औषध घ्यावं लागतं.

पुवासारखं पिवळं, संबंधाच्या वेळी खोल आत दुखणं, मधूनच डाग, ओटीपोटात दुखणं, कधी ताप. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचला असेल. संबंधातून पसरणारे हे दोन्ही आजार बऱ्याचदा गुपचूप राहतात आणि गर्भाशयाच्या नळ्यांना सूज आणतात. पुढे मूल न होण्याचं ते एक मोठं कारण. इथे वाट बघायची नाही.

पाण्यासारखं, कुजका वास, त्यात रक्ताची झाक, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला. गर्भाशयाच्या तोंडाचा किंवा आतल्या अस्तराचा कॅन्सर नाही ना, हे तपासून घ्यायलाच हवं. बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

आणि एक साधं कारण, जे बायका सांगत नाहीत. आत राहून गेलेला टॅम्पॉन, कापसाचा बोळा, निरोधचा तुकडा. वास भयंकर येतो, काढला की दोन दिवसांत सगळं ठीक. लहान मुलीला, पाळी न आलेल्या, वास मारणारं किंवा रक्ताळलेलं जात असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं, जंत असू शकतात, आणि कुणी तिच्याशी वाईट वागलेलंही असू शकतं. तिला दरडावू नका, डॉक्टरांकडे न्या.

पायरी 4: घरी काय करायचं आणि काय नाही

बाहेरून साधं पाणी, दिवसातून एक-दोनदा. बस्स. आत बोट घालून धुणं, तुरटीचं पाणी, डेटॉल, लिंबू, लसूण, इंटिमेट वॉशची बाटली, यातलं काहीही आत नको. योनीमार्ग स्वतःला साफ ठेवतो, आपण फक्त त्याच्या कामात लुडबूड करतो. धुणं पुढून मागे, मागून पुढे नाही.

निकर सुती, आणि वाळलेली. आपल्याकडे बायकांची निकर दोरीवर उघडी दिसू नये म्हणून टॉवेलच्या किंवा परकराच्या खाली वाळत घालतात. पावसाळ्यात कोकणात ती चार दिवस ओलसरच राहते आणि तशीच अंगावर चढते. उन्हात घाला. लोक बघतात तर बघू देत. ऊनच नसेल तर इस्त्री फिरवा.

मेडिकलमधून "खाजेचं क्रीम द्या" म्हणून आणू नका. अशा ट्यूबमध्ये अनेकदा क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट जोमाने फिरते आणि कातडी पातळ होते. तांदळाचं धुवण प्यायचं असेल तर प्या, त्याने अपाय नाही, पण त्याने ट्रायकोमोनास जात नाही.

पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात, कंबर मोडते, शक्ती जाते, हे मी हजारदा ऐकलंय. एका चमच्याहून कमी स्रावातून शक्ती जात नाही. पण अशी तक्रार करणारी बाई खोटं बोलत नसते. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि 2005 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट दिसला. थकवा, कंबरदुखी, झोप न लागणं, घरातली चिंता, हे सगळं सांगायला दुसरा शब्द नसला की 'पांढरं जातंय' हा शब्द येतो. तेव्हा कंबर दुखत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, आणि घरी काय चाललंय तेही कुणाशी तरी बोला.

पायरी 5: तपासायला कुठे आणि कसं जायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात जाता येतं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली ही सोय फुकट आहे, समुपदेशक असतात. पाटी वाचून संकोच वाटतो, कळतं मला. पण तिथे कुणी चारित्र्य विचारत नाही. औषधं रंगीत पाकिटांत येतात. योनीस्रावासाठीचं पाकीट हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठीचं पिवळं.

पाळी चालू नसताना जा. आदल्या दिवशी संबंध नको, आत कुठलंही औषध नको. जाण्याआधी अत्तर, पावडर काही नको. आतून तपासणी म्हणजे एक चोचीसारखं साधन आत घालून गर्भाशयाचं तोंड बघतात. दोन मिनिटांचं काम. तोंड उघडून श्वास सोडत राहिलात, पाठ टेकलेली ठेवलीत, तर अंग सैल राहतं आणि दुखत नाही. दुखलं तर "थांबा" म्हणा. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स हवी, तशी मागणी बिनधास्त करा. लग्न झालेलं नसेल आणि कधी संबंध आलेला नसेल तर तेही आधी सांगा. कापसाच्या काडीने स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पीएचची कागदी पट्टी लावतात.

तुमचं वय 30 च्या पुढे असेल तर तिथे गेल्या गेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही मागून घ्या. व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, पांढरा चट्टा उठला तर पुढची तपासणी. सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा करायची असते. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी मिळत असेल तर आणखी चांगलं. ही एचपीव्हीची तपासणी जीव वाचवते याचा मोठा पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमधूनच जगाला मिळाला. सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं, "पांढरं जातंय ना, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," तर उठून या. पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 मध्ये पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढी मोठी शस्त्रक्रिया करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत, सोनोग्राफी आणि लेखी कारण, तिन्ही हवं.

काही वेळा मात्र ओपीडीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप आणि ओटीपोटात जोराचं दुखणं. गरोदर असताना एकदम पाण्यासारखं वाहणं, ते पांढरं नसून पाण्याची पिशवी फुटलेली असू शकते. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर घाण वास आणि ताप.

पायरी 6: औषध नीट घ्या

बुरशीसाठी बऱ्याचदा क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी देतात. ती गिळायची नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गिळून आलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री झोपताना, हात धुऊन, पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे आणि बोटाने जमेल तितकी आत सरकवायची. सकाळी थोडं पांढरं बाहेर येतं, ते औषधच असतं. फ्लुकोनाझोलची तोंडाने घ्यायची गोळी गरोदरपणात नको, त्यामुळे दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, ती जाते. त्या दिवसांत दारू नको, हे नवऱ्यासाठी दिलेल्या औषधाच्या पाकिटालाही लागू. आणि आराम पडला म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.

नवऱ्यासाठी दिलेलं पाकीट हाच खरा अडथळा. "मला काय झालंय?" म्हणून ते फडताळात पडून राहतं. तीन आठवड्यांनी बाई परत येते, तेच हिरवट, तोच फेस. म्हणून मी पाकीट बाईच्या हातात द्यायचं हळूहळू बंद केलं. "त्यांना पाठवा, त्यांचं बीपीही बघायचंय," म्हणायचे. बीपीसाठी पुरुष येतात. आला की खुर्चीत बसवायचं, पट्टा बांधायचा, आकडा सांगायचा, आणि मग पाण्याचा ग्लास पुढे करून गोळ्या समोरच गिळायला लावायच्या.